वाहनचोरी प्रतिबंधक कुलूप

वाहनचोरी प्रतिबंधक कुलूप हे उभ्या मोटारीचे सुकाणू, गिअरचा दांडा, पेडल, चाक किंवा वाहन हलवण्यासाठी आवश्यक असा दुसरा एखादा भाग जखडून ठेवणारे यांत्रिक साधन आहे. दरवाजाचे कुलूप वाहनात शिरण्यास अडथळा करते. प्रस्तुत कुलूप मात्र आत शिरलेल्या व्यक्तीलाही वाहन चालवून नेता येऊ नये यासाठी असते. बाजारात ही साधने ‘स्टीअरिंग लॉक’, ‘गिअर लॉक’, ‘पेडल लॉक’, ‘जॅमर’ अशा नावांनी मिळतात.

अशा कुलपामुळे वाहनचोरी अशक्य होत नाही. चोरीला लागणारा वेळ, होणारा आवाज आणि हत्यारांची गरज वाढवून ती अधिक जोखमीची करणे, एवढाच त्याचा हेतू असतो. त्यामुळे त्याची उपयुक्तता केवळ पोलादाच्या जाडीवर ठरत नाही. वाहन कोठे उभे केले आहे, कुलूप नियमितपणे लावले जाते की नाही आणि आसपासच्या वाहनांना कोणते संरक्षण आहे, या गोष्टींवरही ती अवलंबून असते.

कार्यतत्त्व

यांत्रिक कुलपाचे संरक्षण तीन गोष्टींतून निर्माण होते. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. रस्त्यावर किंवा वाहनतळावर चोरी करणाऱ्याला कोणी पाहण्याची भीती असते, म्हणून प्रत्येक अतिरिक्त मिनिट त्याच्या दृष्टीने धोक्याचे ठरते. दुसरी गोष्ट म्हणजे आवाज. कठीण पोलाद कापणे किंवा वाकवणे हे काम सहसा निःशब्दपणे होत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे दृश्यमानता. काचेतून दिसणारे ठळक रंगाचे कुलूप चोरीचा प्रयत्न सुरू होण्यापूर्वीच परावृत्त करू शकते, तर न दिसणारे कुलूप काच फुटल्यानंतरच लक्षात येते.

संरक्षणाचे असे थर रचण्याची कल्पना नवी नाही. छत्रपती संभाजीनगरजवळील देवगिरी किल्ल्यात खंदक, तासलेला कडा, एकामागून एक येणारे दरवाजे आणि ‘अंधारी’ हा काळोखा वळणदार मार्ग अशी रचना आहे. यांतील कोणताही एक अडथळा स्वतंत्रपणे अभेद्य नव्हता. प्रत्येक अडथळ्याने शत्रूचा वेळ खर्ची पडावा, अशी योजना होती. मोटारीच्या बाबतीत दरवाजाचे कुलूप, इमोबिलायझर, गिअर लॉक आणि उजेडाची जागा हे अशाच प्रकारचे थर मानता येतात.

कुलपाची अंतर्गत रचनाही महत्त्वाची असते. सर्वसाधारण नळीच्या कुलपात वेगवेगळ्या लांबीच्या स्प्रिंगयुक्त पिना असतात. योग्य किल्ली घातल्यावर तिच्या खाचांमुळे सर्व पिना एका रेषेत येतात आणि नळी फिरते. पिनांची संख्या कमी असेल किंवा त्या झिजल्या असतील, तर दुसऱ्याच किल्लीने कुलूप उघडण्याची शक्यता वाढते. बाहेरचा दांडा कितीही जाड असला, तरी आतील नळी हलक्या प्रतीची असल्यास कुलपाची ताकद त्या नळीइतकीच राहते.

इतिहास

भारतात आधुनिक कुलूपनिर्मितीचा एक महत्त्वाचा टप्पा महाराष्ट्रात सुरू झाला. आर्देशर गोदरेज यांनी इ.स. १८९७ मध्ये मुंबईतील लालबाग येथे कुलपांचा कारखाना काढला. तेव्हाची कुलपे घर, दुकान आणि तिजोरी यांच्यासाठी होती. मोटारींची संख्या वाढल्यावर वाहनासाठी वेगळ्या कुलपाची गरज जगभर भासू लागली.

चाक जखडणाऱ्या जॅमरचा इतिहास अमेरिकेतील डेन्व्हर शहराशी जोडलेला आहे. तेथील फ्रँक मारग यांनी १९४० च्या दशकात हे साधन घडवले आणि इ.स. १९५८ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. मारग हे डेन्व्हरच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत असत आणि साचे घडवण्याच्या कामात निष्णात होते. त्यांचा जॅमर मूळात दंड न भरणाऱ्या वाहनांसाठी होता. चोरी रोखण्यासाठी त्याचा वापर नंतर रूढ झाला.

सुकाणूच्या दांड्यातच बसवलेले कुलूप पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकाच्या आरंभी नव्या व जुन्या अशा सर्व मोटारींना सक्तीचे करण्यात आले. ब्रिटनमध्ये इ.स. १९७१ पासून ते केवळ नव्या मोटारींना बसवले जाऊ लागले. अमेरिकेत १ जानेवारी १९७० पासून लागू झालेल्या सुरक्षा मानकानुसार किल्ली काढल्यावर वाहनाचे इंजिन चालू होऊ नये आणि सुकाणू किंवा वाहनाची पुढे जाण्याची क्षमता रोखली जावी, अशी व्यवस्था आवश्यक ठरली.

सुकाणूच्या चक्रावर आडवा लावायचा दांडा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोकप्रिय झाला. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील विनर इंटरनॅशनल या कंपनीचे ‘द क्लब’ हे उत्पादन त्यात विशेष गाजले. पुढे या रचनेच्या अनेक आवृत्त्या जगभर तयार होऊ लागल्या.

प्रकार

मूळ स्टीअरिंग कुलूप: हे वाहनाच्या बांधणीतच असते. किल्ली काढून सुकाणू थोडे फिरवले की आतील खटका खाचेत बसतो आणि चक्र फिरत नाही. दुचाकींमध्ये याच तत्त्वावरील कुलपाला ‘हँडल लॉक’ म्हणतात.

सुकाणूवर लावायचा दांडा: हा लांब पोलादी दांडा चक्राच्या कडेला अडकवला जातो. चक्र फिरवल्यास दांडा दरवाजाला, काचेला किंवा आसनाला अडतो. हा लावणे सोपे असते आणि बाहेरून सहज दिसतो. मात्र सुकाणूचे चक्र पोलादी दांड्याइतके कठीण नसल्याने दांड्याऐवजी चक्रच कापले जाण्याची शक्यता असते, ही त्याची मुख्य उणीव आहे.

गिअर लॉक: गिअरच्या दांड्याजवळ वाहनाच्या सांगाड्याला कायमचा बसवलेला कोयंडा आणि त्यात अडकणारी पोलादी कडी असे याचे स्वरूप असते. हाताने गिअर बदलण्याच्या मोटारीत ते सहसा रिव्हर्स गिअरमध्ये, तर स्वयंचलित मोटारीत ‘पार्किंग’ स्थितीत लावले जाते. त्याचे बोल्ट घट्ट आवळल्यावर डोकी तुटून पडतील असे बनवलेले असतात, त्यामुळे साध्या पान्याने ते काढता येत नाहीत.

पेडल लॉक: हे क्लच व ब्रेकची पेडल एकमेकांना किंवा सुकाणूच्या चक्राला जखडते. ते लावण्यासाठी दरवेळी वाकावे लागते. त्यामुळे त्याचा नियमित वापर होण्याचे प्रमाण कमी असते.

जॅमर आणि चाकाचे कुलूप: जॅमर पूर्ण चाक अडवतो. तो वजनदार असतो आणि दीर्घकाळ एका जागी उभ्या राहणाऱ्या वाहनासाठी अधिक सोयीचा ठरतो. चाकाच्या चार-पाच नटांपैकी एका नटाला विशिष्ट सॉकेटशिवाय न उघडणारा नट लावल्यास वाहनाऐवजी चाकांची होणारी चोरी रोखण्यास मदत होते.

इतर कुलपे: बॉनेटचे कुलूप बॅटरी व इंजिनाच्या नियंत्रक यंत्रणेपर्यंत पोहोचणे अवघड करते. वाहनाखाली टांगलेल्या स्टेपनीसाठी वेगळे कुलूप मिळते. सायलेन्सरमधील उत्प्रेरक भागात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. भारतात विशेषतः मारुती सुझुकीच्या ईको या गाडीचे सायलेन्सर त्यासाठी चोरीला गेले आहेत. अशा वाहनांसाठी खालून पोलादी जाळी किंवा पट्टी बसवली जाते.

चोरीचे स्थलांतर

वाहनाच्या कुलपांबाबत गुन्हेशास्त्रात सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न असा आहे की, कुलपामुळे चोरी थांबते की ती दुसऱ्याच्या वाहनाकडे वळते? ब्रिटनच्या गृह खात्याने इ.स. १९७६ मध्ये प्रकाशित केलेल्या ‘क्राइम अ‍ॅज ऑपॉर्च्युनिटी’ या अभ्यासात पश्चिम जर्मनी आणि ब्रिटन यांची तुलना केली होती. पश्चिम जर्मनीत नव्या-जुन्या सर्व मोटारींना कुलूप बसल्याने वाहनचोरी लक्षणीयरीत्या घटली. ब्रिटनमध्ये नव्या मोटारी अधिक सुरक्षित झाल्या, परंतु कुलूप नसलेल्या जुन्या मोटारींकडे चोरी वळल्याचे दिसून आले.

इयन एअर्स आणि स्टीव्हन लेव्हिट या संशोधकांनी इ.स. १९९८ मध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. त्यांनी ‘लोजॅक’ या छुप्या रेडिओ-शोधक यंत्रणेचा अभ्यास केला. ही यंत्रणा कोणत्या मोटारीत आहे हे बाहेरून समजत नाही. त्यामुळे ती न बसवलेल्या मोटारींनाही तिचा लाभ होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. याउलट, ठळकपणे दिसणारे कुलूप चोराला कोणती मोटार टाळावी हे सांगते आणि त्याच वेळी शेजारची कुलूप नसलेली मोटारही दाखवून देते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एकट्या मालकासाठी दृश्य कुलूप उपयुक्त आहे. मात्र समाजातील चोऱ्यांची एकूण संख्या कमी होण्यासाठी कुलपांचा वापर व्यापक असावा लागतो किंवा संरक्षण वाहनाच्या मूळ बांधणीतच असावे लागते. तसे न झाल्यास नवी व महाग मोटार घेणारे सुरक्षित राहतात आणि जुनी, स्वस्त मोटार वापरणाऱ्यांवर चोरीचा भार पडतो. अनेकदा याच कुटुंबांना वाहनाचे नुकसान सोसणे सर्वांत कठीण असते. निवासी सोसायटीने एकत्रितपणे कुलपे घेणे, वाहनतळावर दिवे लावणे व रखवालदार ठेवणे हे उपाय म्हणूनच वैयक्तिक खरेदीपेक्षा अधिक परिणामकारक ठरू शकतात.

इलेक्ट्रॉनिक संरक्षण आणि यांत्रिक कुलूप

इमोबिलायझर या यंत्रणेत किल्लीतील सूक्ष्म चिप आणि वाहनातील नियंत्रक यांचे सांकेतिक क्रमांक जुळल्याशिवाय इंजिन चालू होत नाही. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला, तर कॅनडात इ.स. २००७ पासून. त्यामुळे यांत्रिक कुलूप कालबाह्य होईल असे वाटू लागले होते.

पुढील घडामोडींनी ही समजूत अपुरी ठरवली. अमेरिकेत इमोबिलायझरची सक्ती नव्हती. तेथे इ.स. २०११ नंतरच्या दशकात विकल्या गेलेल्या ह्युंदाई व किया कंपन्यांच्या अनेक मोटारींत तो नव्हता. त्या चोरण्याची पद्धत दाखवणाऱ्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पसरल्या आणि चोऱ्या वाढल्या. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, या कंपन्यांनी १२ राज्यांतील ७७ पोलीस यंत्रणांना सुकाणूवर लावायची २६ हजारांहून अधिक कुलपे पुरवली होती. आधुनिक मोटारींतील इमोबिलायझरची उणीव भरून काढण्यासाठी जुन्या पद्धतीच्या लोखंडी दांड्याचा आधार घ्यावा लागला.

बटण दाबून चालू होणाऱ्या मोटारींत वेगळा धोका असतो. घरात ठेवलेल्या किल्लीचा रेडिओ संदेश उपकरणाद्वारे मोटारीपर्यंत पोहोचवून ती उघडता व चालू करता येते. गिअर लॉक रेडिओ संदेशाने उघडत नाही. म्हणून अशा मोटारीसाठी यांत्रिक कुलूप पूरक ठरते. मोटार टोचन करून नेल्यास मात्र सुकाणू किंवा गिअरचे कुलूप पुरेसे पडत नाही. तेथे चाकाचे कुलूप किंवा जीपीएस यंत्रणा अधिक उपयोगी पडते.

छत्रपती संभाजीनगरमधील संदर्भ

छत्रपती संभाजीनगर हे वाहनउद्योगाचे महत्त्वाचे केंद्र आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८० च्या दशकात सुरू झाला, तर शेंद्रा येथे इ.स. २००१ पासून स्कोडा मोटारींची जुळणी होऊ लागली. शहरातील वाहनांचा नोंदणी क्रमांक ‘एमएच २०’ने सुरू होतो.

शहराच्या रचनेचा वाहनांच्या सुरक्षिततेशी जवळचा संबंध आहे. गुलमंडी, सिटी चौक, शहागंज हा जुना भाग मोटारींचे युग येण्यापूर्वी वसला. येथील गल्ल्या अरुंद असून अनेक घरांना वाहनतळ नाही. सिडकोने १९७० च्या दशकापासून विकसित केलेल्या वसाहतींतील लहान घरांच्या अंगणात दुचाकी मावते, परंतु मोटार बहुधा फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहते. घाटी रुग्णालयाचा परिसर, रेल्वे स्थानक आणि पर्यटनस्थळे येथे मालक दीर्घकाळ वाहनापासून दूर असतो. अजिंठा लेणी पाहण्यासाठी खासगी वाहने फर्दापूर तिठ्यावर ठेवून पुढे बसने जावे लागते. त्यामुळे तेथे वाहन काही तास नजरेआड राहते.

शहर महामार्गांच्या जाळ्यावर आहे. राष्ट्रीय महामार्ग ५२ शहरातून जातो, तर ७०१ किलोमीटर लांबीचा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग शहराजवळून जातो. रात्री दोन वाजता नेलेल्या मोटारीची चोरी सकाळी सहा वाजता लक्षात आली, तर मधल्या चार तासांत ताशी सरासरी ६० किलोमीटर वेगानेही ती २४० किलोमीटर दूर गेलेली असू शकते. पुण्याचे अंतर साधारण एवढेच आहे. एवढ्या काळात क्रमांकाची पाटी बदलणे किंवा वाहनाचे सुटे भाग करणेही शक्य असते. चोरीच्या क्षणी होणारा पाच-दहा मिनिटांचा विलंब या हिशेबात लहान दिसतो. परंतु चोरीचा प्रयत्न सोडून दिला जाण्याची शक्यता त्याच मिनिटांत सर्वाधिक असते.

कायदा आणि विमा

भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या कलम ३०३ अन्वये चोरीसाठी तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. प्रवासी किंवा माल वाहून नेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या चोरीसाठी कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला, तरी जवळच्या पोलीस ठाण्यात माहिती देता येते. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे.

१ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपाटी बंधनकारक आहे. ती न उघडणाऱ्या, एकदाच वापरता येणाऱ्या खटक्याने बसवली जाते आणि काढल्यास तो खटका तुटतो. ही पाटी वाहन चोरीला जाण्यापासून रोखत नाही. चोरलेल्या वाहनाला खोटी ओळख देणे मात्र अवघड करते. महाराष्ट्रात त्यापूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही अशी पाटी बसवण्याचे आदेश देण्यात आले.

केवळ तृतीय पक्ष विमा असल्यास चोरीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी स्वतःच्या वाहनाच्या नुकसानीचा समावेश असलेली पॉलिसी लागते. भरपाई विमाघोषित मूल्याच्या आधारे ठरते. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रमाणित केलेले चोरीप्रतिबंधक साधन बसवल्यास मोटार दरपत्रकानुसार स्वनुकसान हप्त्यात २.५ टक्के, कमाल ५०० रुपये, सवलतीची तरतूद आहे. प्रमाणपत्र नसलेल्या साध्या कुलपाला ही सवलत लागू होत नाही.

दावा करताना विमा कंपन्या सामान्यतः वाहनाच्या सर्व किल्ल्या, प्रथम माहिती अहवाल आणि वाहनाचा शोध न लागल्याचा पोलिसांचा अहवाल मागतात. महाराष्ट्रात गुन्हा खरा असूनही शोध न लागल्यास तपास ‘अ’ समरीने बंद केला जातो. पोलिसांत तत्काळ फिर्याद दिली असेल, तर विमा कंपनीला कळवण्यास झालेला विलंब एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने गुरशिंदर सिंग प्रकरणात इ.स. २०२० मध्ये दिला. किल्ली वाहनातच राहिल्याच्या अशोक कुमार प्रकरणात इ.स. २०२३ मध्ये न्यायालयाने दावा पूर्णपणे न नाकारता ७५ टक्के भरपाई देण्याचा आदेश दिला. म्हणजेच निष्काळजीपणामुळे भरपाईतील मोठा वाटा गमावला जाऊ शकतो.

वापर आणि देखभाल

कोणतेही कुलूप केवळ लावलेले असतानाच उपयोगी असते. त्यामुळे निवड करताना सर्वांत मजबूत साधनापेक्षा रोज सहज लावता येईल असे साधन अधिक योग्य ठरते. थोड्या वेळासाठी उतरताना, विशेषतः दुकान, पेट्रोल पंप किंवा शाळेच्या फाटकासमोर, कुलूप लावण्याचा कंटाळा केला जातो आणि किल्लीही आत राहते. अशा वेळी कोणतीही यंत्रणा निरुपयोगी ठरते.

गिअर लॉक बसवताना सांगाड्याला छिद्रे पाडावी लागू शकतात. वायरी व नळ्यांना इजा होऊ नये, तसेच वाहनाच्या हमीवर परिणाम होऊ नये, यासाठी ते जाणकार कारागिराकडून बसवून घेणे इष्ट असते. सुकाणूचा दांडा वापरात नसताना आसनाखाली घट्ट बसेल असा ठेवावा लागतो. अपघातात किंवा अचानक ब्रेक लागल्यास सुटा दांडा प्रवाशांना गंभीर इजा करू शकतो. वाहन चालू करण्यापूर्वी सर्व कुलपे काढली असल्याची खात्री करणे आवश्यक आहे.

मराठवाड्यातील उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील ओल यांमुळे कुलपाची नळी अडकू शकते. धूळ चिकटू नये म्हणून तेलाऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरली जाते. दुसरी किल्ली वाहनात न ठेवता घरी ठेवावी लागते. किल्लीसोबत मिळालेले क्रमांकाचे पत्रक जपून ठेवल्यास नवी किल्ली अधिकृतपणे करून घेता येते. जुने वाहन विकत घेताना सर्व किल्ल्या मागून घेणे, तसेच चासी व इंजिन क्रमांक नोंदणीपत्राशी पडताळणे गरजेचे असते. वाहन चोरीचे आहे किंवा नाही, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सुविधेवरही तपासता येते.

हे सुद्धा पहा

कुलूप
इमोबिलायझर
मोटार वाहन अधिनियम, १९८८
भारतीय न्याय संहिता
छत्रपती संभाजीनगर